हायड्रोजन गाडीतलं प्रेशर

श्रोतेहो, नमस्कार. सीएनजीच्या टाकीतले 200 बार (बार हे दाब मोजायचं एकक) मुंबईच्या रिक्षा-टॅक्सीवाल्यांना सवयीचे झालेत. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसमध्ये सहसा 350 बार असतात, मोटारीत 700. दाब दुप्पट म्हणजे गॅसही दुप्पट, असं वाटेल, पण तसं होत नाही. 15 अंशांना 350 बारवर एका लिटरमध्ये सुमारे 24 ग्रॅम हायड्रोजन मावतो. 700 बारवर जेमतेम 40. त्यात भरताना गॅस तापतो. 15 अंशांना 700 बार दाखवणारी टाकी 85 अंशांवर 875 दाखवेल, आत मात्र एक ग्रॅमही वाढलेला नसेल. म्हणून इंधनाचा काटा दाब आणि तापमान, दोन्हींवर चालतो.

हा दाब मोजणारा सेन्सर निवडताना खरी अडचण हायड्रोजनचीच. कारखान्यांतल्या पुष्कळ सेन्सरमध्ये पातळ पडद्यामागे तेल भरलेलं असतं. हायड्रोजन त्या धातूतून झिरपून तेलात मुरतो, दाब उतरला की बुडबुडे धरतात आणि सेन्सरचं शून्य सरकतं, म्हणजे आकडा चुकू लागतो. टाकीसाठी बिनतेलाचा, धातूच्या जाडसर पडद्यावरच स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी पट्टी, असलेला सेन्सर घ्यावा. गॅसला लागणारा भाग 316एल स्टीलचा बरा. 17-4 पीएच हे दुसरं स्टील जास्त मजबूत असतं खरं, पण हायड्रोजनमध्ये ठिसूळ होतं.

दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरनंतरच्या नळीत दाब साधारण 10 ते 20 बारवर येतो. तिथला सेन्सर फुकटात गळती शोधून देतो. गाडी बंद केली, टाकीचा व्हॉल्व्ह मिटला, की नळीत अडकलेल्या गॅसचा दाब टिपून ठेवा. दाब चढत गेला तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. उतरत गेला तर पुढे कुठेतरी गळतंय. मात्र आधी तापमान बघा. 15 बारची गरम नळी 10 अंशांनी थंड झाली, तर अर्धा बार आपोआप उतरतो. ती गळती नव्हे.

आता आपल्या खाऱ्या, दमट हवेचा प्रश्न. 5 व्होल्टवर चालणारा, 0 ते 1000 बारचा सेन्सर सहसा 0.5 ते 4.5 व्होल्ट देतो, म्हणजे दर बारला 4 मिलिव्होल्ट. 0.5च्या बरंच खाली किंवा 4.5च्या बरंच वर आकडा गेला तर वायर तुटल्याचं कंट्रोलरला लगेच कळतं. गंजलेला कनेक्टर मात्र गुपचूप फसवतो. अर्थच्या (ग्राउंडच्या) पिनवर 4 ओहम रोध होईल इतका गंज चढला आणि सेन्सर 10 मिलिॲम्पिअर घेत असला, तर तिथे 40 मिलिव्होल्ट पडतात. टाकी रिकामी होत आली असताना काटा सुमारे 9 बार जास्त दाखवतो. टाकी भरलेली असताना हीच चूक निम्म्याहून कमी होते, म्हणून तेव्हा कोणी शंका घेत नाही. आणि काटा जास्त दाखवत असला तर टाकी नकळत अगदी रिकामी होऊ शकते; प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या टाकीला ते धोक्याचं, कारण अस्तरामागे साठलेला गॅस अस्तराला आत ढकलतो.

तपासताना पिन काढून ओहम मोजत बसू नका. सेन्सर चालू ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थ पिनला आणि दुसरं कंट्रोलरच्या अर्थ पिनला लावा. पाच-सात मिलिव्होल्टच्या वर दिसलं, तर सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर साफ करा आणि त्याचं रबरी सील बदला.