नारिंगी बाटलीत आता काय आहे?

(दृश्य: बेळगाव, टिळकवाडी, व्हॅक्सिन डेपो मैदान. पहाट. गवतावर ओळीनं ठेवलेल्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या नारिंगी बाटल्या.)

सराव संपला की हात आधी हिच्याकडे जातो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. शिवाय थोडं मीठ, आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड आणि रंग. तासभर घाम गाळणाऱ्याला हे कामाला येतं. दोन फेऱ्या मारून बाकावर टेकणाऱ्याला साधं पाणी पुरे. जुलाबात मात्र ओआरएसची पुडीच हवी. तिच्या एक लिटर पाण्यात ७५ मिलिमोल सोडियम असतं, इथं २०च्या आसपास.

(दृश्य: बाटली पालथी. बुडावरचा त्रिकोण.)

त्रिकोणात १ हा आकडा, म्हणजे पेट प्लास्टिक. हलकं आणि काचेसारखं आरपार. काही बाटल्यांच्या अंगावर खोलगट चौकटी दिसतात, त्या शोभेच्या नाहीत. पेय गरम असतानाच भरून झाकण लावतात. ते थंड होताना आकसतं आणि चौकटी आत ओढल्या जातात. त्या नसत्या, तर सगळी बाटलीच चेपली असती.

(दृश्य: न्हाणीघराच्या फळीवर ब्लीचची बाटली. तीही पालथी.)

हिच्या त्रिकोणात २. हे एचडीपीई प्लास्टिक, जाड आणि अपारदर्शक. आतला सोडियम हायपोक्लोराइट उजेडात आणि उष्णतेत फुटत जातो. त्याचं शेवटी मीठ होतं, थोडा ऑक्सिजन सुटतो. तापमान १० अंशांनी वाढलं, की हा वेग तिप्पट-चौपट होतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलेलं ब्लीच पावसाळ्यापर्यंत तितकं जोरदार राहत नाही ते यामुळे. लोखंडाचा गंज आत पडला, तर ते आणखी लवकर फुटतं. म्हणून गंजक्या झाकणाच्या बरणीत ते ओतू नये.

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा, खिडक्या उघड्या. पांढऱ्या कागदावर काचेचा पेला, त्यात १०० मिली नारिंगी पेय. ड्रॉपर.)

आता हे नीट बघा. ब्लीचचे दहा थेंब, एकेक करून.

(थेंब पडतो. निवेदन थांबतं.)

थेंब जिथून खाली उतरला, तिथं फिकट रेघ उमटली. या पेयातले पिवळे-नारिंगी रंग बहुधा ॲझो जातीचे असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू हात धरून असतात, आणि रंग दिसतो तो त्या जोडणीमुळे. ब्लीच रेणूची ही जोडणी मोडतं. रंग तळाशी बसत नाही, कुठे लपतही नाही. त्याचा रेणूच तुटतो. कपड्यावरचा हळदीचा डाग ब्लीचनं जातो, तोही असाच रेणू मोडून.

कधी पहिले चार-पाच थेंब टाकले तरी काहीच होत नाही. लेबलवर क जीवनसत्त्व आहे का, ते पाहा. असेल, तर ब्लीच आधी त्याच्यावर खर्च होतं, रंगाची पाळी नंतर. आणि नाकाशी येणारा तो उग्र वास? पेय आंबट आहे. आंबटपणात ब्लीचमधून क्लोरीन सुटू लागतो. दहा थेंबांत तो नाकापुरताच राहतो. न्हाणीघरात मात्र लोक फरशीवर ब्लीच टाकतात आणि वर संडास धुण्याचं ॲसिड ओततात. दार बंद असतं. तिथं तो छातीपर्यंत जातो. एकच वापरा, मध्ये भरपूर पाणी सोडा.

(दृश्य: नळाखाली पाणी पिण्याची खेळाडूंची बाटली. झाकणाच्या आट्यांत काळपट थर.)

ब्लीचचा चांगला उपयोगही दाखवायला हवा. आधी साबण आणि ब्रश, आट्यांतही फिरवून, झाकणाची रबरी चकती वेगळी काढून. मळ राहिला, तर ब्लीच जंतूंऐवजी मळावरच संपतं. मग १ लिटर थंड पाण्यात ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच. बाटली त्यानं काठोकाठ भरा, दोन मिनिटं थांबा, ओता, स्वच्छ पाण्यानं विसळा, उपडी ठेवून वाळवा. गरम पाणी नको, ब्लीच लवकर फुटतं. लिंबूही नको, कारण वर आलंच आहे. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये, त्याचा जोर उतरतो.

(दृश्य: गल्लीत फेरीवाल्याची सायकल. पोत्यात रिकाम्या बाटल्या, कॅनमधून नरसाळ्यानं भरणं सुरू. एक नारिंगी झाकण.)

सुटं ब्लीच, सुटं ॲसिड. दुकानापेक्षा निम्म्या भावात. बाटली भंगारातली, लेबल जुन्या पेयाचं, तेही इंग्रजीत. ज्या घरात आजी मराठी आणि सून कन्नड बोलते, तिथं इंग्रजी लेबल वाचणार कोण, हे विचारायचं ते सुट्या मालाच्या धंद्याला. मूळ बाटलीतच ठेवा. सुटं घेणार असाल, तर आपलं जाड अपारदर्शक डबडं न्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: मराठीत, कन्नडमध्ये.

कुणी चुकून प्यालंच, तर उलटी करवू नका. तोंड धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. दोन सारख्या बाटल्या, दोन्हीत पाण्यासारखं काहीतरी. कॅमेरा बराच वेळ हलत नाही. निवेदन नाही.)

पेय संपलेली बाटली भंगारात देण्याआधी मधोमध कापा.

(कात्रीचा आवाज.)