होल्स्टर उघडं घ्यावं की पट्ट्याचं? शिवणाऱ्या माणसाचं मत

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन होल्स्टर (पिस्तूल-रिव्हॉल्व्हर कमरेला लावायच्या खोळी) ठेवली आहेत, दोन्ही माझ्या हातची. हे डावीकडचं उघडं. वरून मोकळं, शस्त्र नुसतं आत सरकवायचं. हे उजवीकडचं पट्ट्याचं. शस्त्राच्या पाठीवरून चामड्याची पट्टी येते आणि इथे टिच बटणात अडकते. अंगठ्याने ढकललं की बटण सुटतं.

आमचं दुकान नाशिकच्या भद्रकालीत. आजोबा घोड्याचा साज शिवायचे, वडील कमरेचे पट्टे आणि बंदोबस्ताचं सामान, आणि मी त्यांच्याकडूनच रापी धरायला शिकलो. ज्यांच्याकडे लायसन आहे असे लोक माझ्याकडे येतात. बाजार समितीतले व्यापारी, पेट्रोल पंपाचे मालक, रोकड घेऊन फिरणारे सुपरवायझर, काही निवृत्त फौजी. आल्याबरोबर प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, पटकन निघेल असं कोणतं?"

आज ह्या प्रश्नाबद्दलच बोलायचंय, कारण मला तो उलटा वाटतो. लायसन घेतल्यापासून आयुष्यात किती वेळा शस्त्र बाहेर काढावं लागलं, असं मी गिऱ्हाइकाला विचारतो. बहुतेक जण म्हणतात, एकदाही नाही. मग दिवसभरात गाडीवर किती वेळा चढता-उतरता? वजनकाट्याशी किती वेळा वाकता? शौचाला जाताना कमरेचा पट्टा किती वेळा सोडता? हे सगळं रोज घडतं. म्हणून होल्स्टर निवडताना आधी हे बघायचं की नको त्या वेळी शस्त्र बाहेर पडेल का. किती पटकन निघतं हे त्यानंतर.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा नीट ताबा हवा. म्हणजे शर्टाबाहेर मूठ दाखवत फिरणं बसत नाही. काही तरुण माझ्याकडे "जरा दिसेल असं" मागतात, त्यांना मी शिवून देत नाही. आणि शस्त्र हरवलं तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, ही लायसनची अटच आहे. तिथे "बहुतेक गाडीवर पडलं असेल" असं सांगणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय.

त्याची हकीकत अशी. निफाडकडचे एक काका, वय साठीच्या पुढे, .३२ चं रिव्हॉल्व्हर. कापडी होल्स्टर बाजारातून घेतलेलं, वर वेल्क्रोची पट्टी. सकाळी मोटारसायकलवरून निघाले, वाटेत दोनदा थांबले, पिंपळगावला पोचले तेव्हा कमरेला नुसती रिकामी खोळ. पट्टी सुटली कधी हे त्यांना आठवेना. नशिबाने शस्त्र त्यांच्याच मळ्याच्या वाटेवर, बांधाच्या गवतात सापडलं. ते ज्या गड्याला सापडलं तो शहाणा, त्याने हात न लावता काकांच्या मुलाला हाक मारली. काका दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पट्टा होता की रे, तरी पडलं कसं?"

(कापडी होल्स्टर कॅमेऱ्यासमोर धरतो.)

हे त्यांचंच, मी मागून ठेवून घेतलंय. बघा, मऊ कापड, आतून फोम, माप असं काहीच नाही. ह्यात पिस्तूलही जातं, रिव्हॉल्व्हरही जातं, मोबाइलही जाईल. शस्त्राला पकड कुठेच नाही, सगळा भार ह्या एका पट्टीवर. पट्टी सुटली की खेळ संपला. मला तुम्हाला आज जे सांगायचंय ते हेच : पट्टा ही दुसरी पकड. पहिली पकड खोळीचीच असली पाहिजे. पट्टा उघडा असतानाही शस्त्र जागेवर राहिलं पाहिजे.

घरी तपासता येतं. आधी शस्त्र रिकामं करा. रिव्हॉल्व्हर असेल तर उघडून काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (काडतुसांची डबी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, बघा. हा क्रम उलटा करू नका. आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड सोडताना नवीन काडतूस चेंबरमध्ये जातं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग शस्त्र होल्स्टरमध्ये घाला, पट्टा उघडा ठेवा आणि गादीच्या वर, वीतभर उंचीवर, होल्स्टर उलटं धरून हलवा. घसरून पडलं तर ते होल्स्टर नापास, मग त्याला एक पट्टा असो की तीन.

आता उघड्या होल्स्टरबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही. नीट घडवलेलं उघडं होल्स्टर ही सुंदर वस्तू असते. चामड्याचं असेल तर आम्ही पाठीचं जाड कातडं घेतो, तीनेक मिलिमीटरचं. पोटाचं घेत नाही, ते ताणतं. कोमट पाण्यात भिजवून फर्म्यावर (शस्त्राच्या आकाराच्या लाकडी साच्यावर) दाबतो, ट्रिगर गार्डची, म्हणजे चापाभोवतीच्या कडीची, कड अंगठ्याने आणि हाडाच्या पट्टीने उठवतो, सावलीत वाळवतो. वाळल्यावर ती कड शस्त्राला बरोबर धरून ठेवते. हल्ली कायडेक्स नावाचं प्लास्टिक आलंय. ते तापवून शस्त्राच्या आकारावर बसवतात. शस्त्र आत गेलं की टक्क आवाज येतो आणि स्क्रूने पकड कमी-जास्त करता येते. मी चामड्याचा माणूस असलो तरी कबूल करतो, पावसाळ्यात कायडेक्स चामड्यापेक्षा बरं. पाणी पीत नाही, तोंड मिटत नाही.

हे तोंड मिटणं महत्त्वाचं आहे. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहायला हवं. चामडं जुनं झालं, त्यावर कुणी खोबरेल चोळलं (लोक चोळतात, चमक येते म्हणून) की ते लोळागोळा होतं. मग शस्त्र परत घालताना तोंडाची मऊ घडी आत वळते आणि नेमकी चापाच्या कडीत शिरते. माणूस वरून दाबतो, आणि ती घडी बोटाचं काम करते. अशाने गोळी सुटून मांडीत गेल्याच्या घटना जगभरात घडल्या आहेत. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी यांचाही तोच धोका. म्हणून होल्स्टरच्या तोंडाला आम्ही आतून जादा कातड्याची पट्टी लावून डबल शिलाई मारतो. विकत घेताना तोंड दोन बोटांत धरून चिमटून बघा. सहज मिटलं तर परत ठेवा.

पट्ट्याच्या होल्स्टरचा दोषही इथेच आहे, तो लपवणार नाही. शस्त्र परत घालताना ती मोकळी पट्टी आत लोंबली तर तीही चापाच्या कडीत जाऊ शकते. म्हणून चांगल्या पट्ट्यात अंगठ्याच्या बाजूला आत पत्र्याची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी शिवलेली असते, तिने पट्टा बाहेरच्या बाजूला ताठ उभा राहतो. ती नसेल तर दोन गोष्टी बिघडतात : पट्टा आत पडतो, आणि अंगठ्याने ढकललं तर चामडं नुसतं वाकतं, बटण सुटत नाही. स्वस्त मालात हीच पट्टी वाचवलेली असते. बोटाने दाबून बघा, लगेच कळतं.

रिव्हॉल्व्हरला पट्ट्याचा आणखी एक फायदा आहे. पट्टा घोड्यावरून (शस्त्राच्या मागच्या हातोडीवरून) नीट बसला असेल तर घोडा कुठेतरी अडकून मागे खेचला जाण्याची भीती कमी होते. परत घालतानाही अंगठा घोड्यावर ठेवायची सवय लावा. घोडा हलला तर अंगठ्याला आधी कळतं. बोट चापापासून दूर, सरळ. आणि घाई कशाला? शस्त्र परत ठेवायची घाई कुणालाच नसते. खाली बघा, हळू घाला, मग बटण लावा. बटणाचा आवाज कानाने ऐका.

पोलिसांकडचं जुनं झाकणाचं होल्स्टर तुम्ही पाहिलं असेल, सोबत रिव्हॉल्व्हरच्या मुठीपासून खांद्यापर्यंत जाणारी दोरी. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी असल्यामुळे नाशिककरांच्या नजरेला ते सवयीचं. गणवेशातल्या माणसाचं शस्त्र सगळ्यांना दिसतं, गर्दीत कुणीही त्यावर हात टाकू शकतं, म्हणून तिथे झाकण, दोरी, कुलूप सगळं लागतं. अमेरिकेत एफबीआयमध्ये काम केलेल्या बिल रॉजर्स यांनी यासाठी पायऱ्याच ठरवल्या. दुसऱ्याने पाच सेकंद ओढूनही शस्त्र निघालं नाही तर होल्स्टर पहिली पायरी पार करतं, पुढे प्रत्येक जादा अडसरामागे एकेक पायरी वाढते. तिसऱ्या पायरीची होल्स्टर बघून आपल्याकडचे लोकही मागतात. पण ती सरावाने वापरायची वस्तू आहे. शर्टाखाली झाकून नेणाऱ्या व्यापाऱ्याला तिचं ओझंच होईल.

मग तुम्ही कोणतं घ्यायचं? दिवसभर गल्ल्यावर किंवा खुर्चीवर बसणारा माणूस, चारचाकीने ये-जा, तर कडक, मापाचं, उघडं होल्स्टर चालेल, वर सांगितलेली उलटं धरायची परीक्षा पास झालेलं. पण जो मोटारसायकलवर फिरतो, द्राक्षाच्या बागेत वाकून जातो, ट्रॅक्टरवर चढतो, बाजार समितीत माणसांना खांदे लावत चालतो, त्याने पट्ट्याचंच घ्यावं. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांत असेच लोक जास्त, म्हणून मी पट्ट्याचीच जास्त शिवतो. एक-दोन दिवस रिकाम्या शस्त्रावर सराव केला की अंगठा आपोआप बटणावर जातो. वेळ फार जात नाही, भीतीच जास्त असते.

शौचालयाचं मुद्दाम सांगतो, कारण लाजेने कुणी बोलत नाही. कमरेचा पट्टा सोडला की उघड्या होल्स्टरचा तोल जातो, ते आडवं होतं आणि शस्त्र फरशीवर येतं. कधी माणूस आधीच काढून टाकीवर ठेवतो आणि तिथेच विसरतो. बटण लावलेलं असेल तर शस्त्र होल्स्टरमध्येच राहू द्या, हात लावू नका, बकल धरून सगळं एकत्र खाली घ्या. आणि शस्त्र कधीही निसटलं तर ते पडू द्या. झेलायला जाऊ नका. झेलताना बोटं कुठे जातात यावर आपला ताबा नसतो, आणि ती बरेचदा चापावरच जातात.

गर्दीच्या दिवसांसाठी माझ्याकडे कोणतंच होल्स्टर नाही. रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या जुन्या हौदावर), गणपतीच्या मिरवणुकीत, सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर जायचं असेल तर शस्त्र घरी, कुलपात. दाबादाबीत तुमचा हात कमरेपर्यंत पोचत नाही, पण दुसऱ्याचा पोचतो.

आता निगा. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. चामडं हवेतला ओलावा ओढतं आणि कमावताना वापरलेले क्षार-आम्लही त्यात उरलेले असतात. लोखंडाला गंज चढतो, काडतुसाच्या पितळेवर हिरवट थर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबककडून येणारी माणसं अशीच गंजलेली शस्त्रं घेऊन हळहळतात. नेताना होल्स्टर, ठेवताना वेगळं. होल्स्टर भिजलं तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. निवडणुकीच्या वेळी शस्त्र ठाण्यात जमा होतं आणि होल्स्टर महिनोन्महिने माळ्यावर पडून राहतं. परत वापरायच्या आधी शिलाई बघा, बटण दहा वेळा लावून-काढून बघा. बटण सैल वाजायला लागलं की बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, मी त्याचे पैसेही घेत नाही.

आणि मापासाठी येताना शस्त्र आणू नका. माझ्याकडे नेहमीच्या मॉडेलांचे लाकडी फर्मे आहेत. मॉडेलचं नाव, नळीची लांबी, तुम्ही उजवे की डावरे, आणि कमरेचा जो पट्टा रोज लावता तो पट्टा, एवढं घेऊन या. पट्टा मात्र विसरू नका, कारण पट्ट्याची रुंदी चुकली की होल्स्टर डुलतं आणि मग मी कितीही चांगलं शिवलं तरी ते उलटं फिरतं.