पासवर्ड बरोबरच होता

श्रोतेहो, नमस्कार. पासवर्ड बरोबर टाकूनही संगणक तो नाकारत असेल, तर स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेण्याआधी कळफलकाची मांडणी तपासावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आता ७४ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिचा संगणक दुरुस्त होऊन, विंडोज नव्याने भरून घरी आला आणि त्या दिवसापासून तिचा ईमेल उघडेना. पासवर्ड तिने वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. ती एका बोटाने, एकेक कळ पाहून तो टाकत असे, पडद्यावर काळे ठिपके उमटत आणि दर वेळी नकार येई. चौथ्या दिवशी तिने फोन केला. हलक्या आवाजात म्हणाली, “अरे, मला आता आठवेनासं झालंय का रे?” हातातले काम ठेवून मी तडक तिच्याकडे गेलो.

तिला नोटपॅड उघडून दिले आणि तोच पासवर्ड तिथे टाकायला सांगितला, कारण तिथे ठिपके न पडता अक्षरे दिसतात. शिफ्ट धरून २ दाबल्यावर ईमेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’चे चिन्ह उमटायला हवे होते, उमटले ते दुहेरी अवतरणचिन्ह. शिफ्ट आणि ३ दाबल्यावर तर चक्क ब्रिटिश पौंड आला, आणि सगळा उलगडा झाला. आपल्या घरांतले कळफलक बहुधा अमेरिकी मांडणीचे असतात, पण विंडोज भरताना ब्रिटनची मांडणी निवडली गेली होती आणि तिच्यात ‘ॲट’ व दुहेरी अवतरणाच्या जागा उलटसुलट असतात. आत्याची वही बरोबर होती आणि आठवणही. संगणक परत देताना दुकानदाराने ग्राहकाला समोर बसवून चार ओळी टाइप करून घ्याव्यात, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते.

कळफलक फक्त कोणत्या जागेची कळ दाबली एवढेच कळवतो. अक्षर कोणते, हे निवडलेल्या मांडणीनुसार संगणक ठरवतो. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे भाषेच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधी अमेरिकी किंवा भारतीय इंग्रजी मांडणी जोडावी आणि मगच नको असलेली काढावी. पुन्हा सांगतो, आधी जोडा, मग काढा. एकच मांडणी उरली असेल तर विंडोज ती काढू देत नाही. भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी ऑल्ट कळ धरून ४ दाबले की रुपयाचे चिन्हही मिळते.

तिथेच मराठीही जोडून घ्या. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण मांडणीत स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात, त्यामुळे ती महिनाभरात हाताला बसते. मराठी माणसाने रोमन लिपीत मराठी लिहिलेले पाहिले की मला खरोखर वाईट वाटते. इंग्रजीवरून मराठीवर येण्यासाठी विंडोजची कळ धरून स्पेस बार दाबा. विंडोजची कळ आणि स्पेस बार.

आत्याने त्याच संध्याकाळी सांगलीच्या बहिणीला देवनागरीत पहिला ईमेल लिहायला घेतला. ‘बाळ’ शब्दापाशी ती अडली, तेव्हा मी तिला शिफ्ट आणि इंग्रजी ‘एन’ची कळ दाखवली. तिने वही ओढली आणि पासवर्डच्या खाली ‘ळ’ लिहून ठेवला.