आतल्या बाजूचा पॅड

टेबलावर हे दोन ब्रेक पॅड ठेवलेत. एकाच गाडीच्या एकाच चाकातून, एकाच दिवशी काढलेले. उजवीकडच्यावर अजून चांगला ६ मिलिमीटरचा थर शिल्लक आहे. डावीकडचा हातात घेतला तर जवळजवळ नुसती लोखंडी पट्टी. कडेला काळ्या थराचा पापुद्रा तेवढा उरलाय, तोही नखाने निघेल.

गाडी माझीच. मी अधूनमधून चाकाच्या फटीतून डोकावून पॅड बघायचो आणि निर्धास्त व्हायचो. मला दिसायचा तो हा जाड पॅड, बाहेरच्या बाजूचा. संपत चालला होता आतला, आणि तो बाहेर उभं राहून दिसत नाही.

ब्रेक दाबला की पायाचा जोर ब्रेक ऑइलमधून नळ्यांवाटे चाकापर्यंत पोहोचतो. तिथे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती असते, ती डिस्क. तिच्या काठावर चिमट्यासारखा कॅलिपर बसलेला असतो. त्यातला पिस्टन पुढे सरकतो, दोन पॅड फिरती डिस्क चिमटीत धरतात, आणि गाडीचा वेग उष्णता होऊन हवेत जातो. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० ने जाणारी गाडी थांबवायची तर दुप्पट नाही, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. एवढी ऊर्जा जिरवताना काहीतरी झिजणारच. ते पॅडने झिजावं, डिस्कने नाही, अशी ही योजना आहे.

योजना जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मोटारीने मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. वाटेत जोडे शिवणाऱ्याकडून त्यांनी त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. झिजलं की काढायचं, नवं लावायचं. आपल्या पॅडवरचा थर त्याच वंशातला.

आता एक गैरसमज. पॅड संपत आले की ब्रेक ढिला लागेल, पेडल खोल जाईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. डिस्क ब्रेकमध्ये तसं होत नाही. पिस्टनभोवती रबराची एक चौकोनी कडी असते. ब्रेक दाबला की ती जराशी पिळते, सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजला असेल तर पिस्टन त्या कडीतून थोडा पुढे घसरतो आणि तिथूनच पुढे काम करतो. म्हणजे झीज आपोआप भरून निघते. पेडल पायाला कालच्यासारखंच लागतं, पार शेवटापर्यंत. पायावर भरवसा ठेवून चालत नाही तो यामुळे.

पण पुढे गेलेल्या पिस्टनच्या मागची जागा ऑइलने भरते, आणि बॉनेटखालच्या छोट्या टाकीतली पातळी उतरते. ही फार बोलकी खूण आहे. ऑइल कमी दिसलं की लगेच भरू नका, आधी पॅड बघा. गळती नसेल आणि पॅड पातळ असतील, तर कारण तेच. वरून भरून टाकलं तर खूण पुसली जाते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल टाकीतून उतू जातं आणि गाडीचा रंग खातं.

मग आवाज. पॅडच्या कडेला ही बारीक वाकडी पत्र्याची जीभ दिसते का? थर २-३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, कर्कश ‘चींऽऽ’ सुरू होते. ती मुद्दाम बसवलेली असते. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला जी खरखर येते ती वेगळी. तो डिस्कवरचा हलका गंज, घासून जातो. जिभेचा आवाज मात्र रोज येतो, आणि कधी कधी ब्रेक दाबला की थांबतो, सोडला की परत येतो. त्यामुळेच माणूस चकतो. वाटतं, ब्रेकचा असता तर ब्रेक मारताना आला असता.

माझ्या गाडीने हा आवाज दिला होता. काचा बंद, गाणी चालू. दिला तरी पोहोचणार कुठून? आता मी दर आठवड्याला एकदा काचा उघडून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने सावकाश गाडी नेतो. भिंतीवरून आवाज परत येतो आणि लगेच कळतं.

काही गाड्यांत पॅडमध्ये तार असते. झिजून ती तुटली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण ती प्रत्येक चाकाला असेलच असं नाही.

‘चीं’ जाऊन ‘खर्रर्र’ सुरू झाली, पायाखाली कुरकुर जाणवू लागली, तर लोखंड लोखंडावर घासतंय. डिस्कवर चरे पडतात. डिस्कचीही किमान जाडी ठरलेली असते, बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली; तिच्या खाली गेली की डिस्कही बदलावी लागते.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, त्याचं कारण बहुधा डिस्कची असमान जाडी. पेडल स्पंजासारखं दबत असेल तर नळीत हवा किंवा गळती. ती गाडी चालवूच नका.

परत या दोन पॅडकडे येऊ. असं का झालं? कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, म्हणून एकच पिस्टन दोन्ही पॅड दाबू शकतो. पिनांचं ग्रीस वाळलं, गंज धरला, की कॅलिपर अडकतो. मग पिस्टन समोरचा आतला पॅड तेवढा दाबत राहतो. इलेक्ट्रिक गाड्यांत बराचसा वेग मोटरच कमी करते, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण तिथेही पिना जाम होतातच. म्हणून चाक काढलं की मेकॅनिकला सांगा, आतला पॅड दाखव. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर थर असतो. ३ वर आला की बदला. मोजायला काही नसेल तर थराची तुलना मागच्या लोखंडी पट्टीशी करा. थर तिच्यापेक्षा पातळ, तर वेळ झाली.

बदलताना समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते. पिना साफ करून त्यांना त्यांचंच ग्रीस लावून घ्या. हे राहिलं तर नवा आतला पॅडही याच वाटेने जाईल.

आणि चाक बसलं म्हणून लगेच गिअर टाकायचा नाही. पिस्टन मागे ढकललेला आहे, पॅड डिस्कपासून लांब आहेत. पहिल्यांदा दाबलं तर पेडल थेट खाली जातं. पुन्हा दाबायचं. पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते वर येतं, आणि पायाखाली घट्ट लागतं.