आबा, आपल्याला काय जाळावं लागेल?

(दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला हे सांगायला मला माइक दिलाय, पण आज फार गोड बोलणं जमेल असं वाटत नाही. सौ. पहिल्या रांगेत आहे. तिने आत्ताच डोळे वटारलेत.

मागच्या महिन्यात नातीला बर्फ दाखवायला मॅमथला गेलो होतो. त्या ३९५ रस्त्याने आपण सगळेच जातो. बिशपला पाव घ्यायचा, आणि मांझानारची पाटी दिसली की ‘पुढच्या वेळी थांबू’ म्हणायचं. मी कितीतरी वर्षं तेच म्हणत आलो. या खेपेला नात हटून बसली. शाळेत तो धडा झाला होता.

मांझानार म्हणजे स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. १९४२ साली तिथे तारेचं कुंपण घालून दहा हजार माणसं ठेवली होती. अशा एकूण दहा छावण्या आणि जवळजवळ सव्वा लाख जपानी वंशाची माणसं. त्यातली दोन तृतीयांश इथेच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. छावण्या तयार होईपर्यंत कित्येक कुटुंबांना आपल्या सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं. हो, तेच सांता अनिता. शेजारच्या मॉलमध्ये मी सेलमध्ये बूट घेतले आहेत.

तिथल्या संग्रहालयात नातीने वाचलं, की पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर झडतीच्या भीतीने लोकांनी आपली जपानी पत्रं, पुस्तकं, फोटो जाळले. घरातल्या बाहुल्यासुद्धा पुरल्या. तिने माझा हात ओढला आणि विचारलं, “आबा, आपल्याला काय जाळावं लागेल?” विचारलं अर्थातच इंग्रजीत. ‘आबा’ तेवढं मराठी.

मी विनोद केला, “आजीची क्रेडिट कार्डाची बिलं.” कुणी हसलं नाही. तुम्हीही हसला नाहीत, ठीक आहे.

ही माणसं कोण होती? आपल्यासारखीच. १९०७-०८ च्या अमेरिका-जपान करारानंतर मजुरांचं येणं बंद झालं, पण बायकांना येता येत होतं. मग फोटोवर लग्नं ठरायची. मुलगा इथे, मुलगी तिथे, मधे मध्यस्थ आणि एक फोटो. बंदरात उतरल्यावर मुलीला कळायचं की फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे. हसू नका. मी तीन आठवड्यांच्या रजेवर जाऊन लग्न केलं, आणि आधी पाठवलेल्या फोटोत मला केस होते.

त्यांच्याकडे पिढ्यांना शब्द आहेत. इस्सेई पहिली, निसेई दुसरी, सानसेई तिसरी. म्हणजे मी इस्सेई आणि नात सानसेई. आपल्याकडे असा शब्दच नाही. आपण पोरांना एबीसीडी, म्हणजे अमेरिकेत जन्मलेले गोंधळलेले देशी, म्हणतो आणि समोसा उचलतो.

ताकाओ ओझावा नावाचे एक गृहस्थ होते. बर्कलीत शिकलेले. नागरिकत्वासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांनी पुराव्यादाखल लिहून दिलं होतं, की मी घरात बहुतेक वेळा इंग्रजीच बोलतो, माझ्या मुलांना जपानी येत नाही. १९२२ साली न्यायालयाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व नाही. तीनच महिन्यांनी आपल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. शास्त्राप्रमाणे आम्ही कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशाचे, असं त्यांचं म्हणणं. तेही हरले. दोघांचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच. पण आपली सवय बघा, ‘आम्ही त्यातले नाही’ हे सांगण्यात आपण आधी. १९४१ मध्ये चिनी लोक ‘मी चिनी आहे’ असे बिल्ले लावून फिरत होते. २००१ च्या सप्टेंबरात मी गाडीला झेंडा लावला. ४०५ हायवेवर तो उडून मागच्या ट्रकच्या काचेवर बसला, ते जाऊ दे. शीख शेजाऱ्याची विचारपूस करायला मी गेलो नव्हतो. त्या दिवसांत मुसलमानांच्या बाजूने आधी उभे राहिलेल्यांत लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोतले हे जपानी लोक होते. आपण तिथे रामेनच्या रांगेत उभे राहतो.

छावणीतली एक गोष्ट मला फार लागली. जेवण मोठ्या भटारखान्यात. घंटा झाली की पोरं आपापल्या मित्रांबरोबर बसायची, आई-बाप वेगळे. वर्ष-दीड वर्षात घरचं एकत्र जेवण मोडलं. आमचं मोडायला भटारखानाही लागला नाही, एक आयपॅड पुरला.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. काय निघालं? मखमलीत गुंडाळलेला दासबोध, उघडलेला नाही. आणि आईची निळी एरोग्राम पत्रं, रबरबँड सुकून तुटलेला. कडेच्या पट्टीवरसुद्धा बारीक अक्षरात लिहायची ती, पैसे वाया जायला नकोत म्हणून. चिरंजीव म्हणाले, स्कॅन करून टाकू, जागा होईल. मी तडकलो. तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, “त्याला कशाला ओरडतोस? तो बालवाडीत गेला तेव्हा ‘घरात इंग्रजीच बोला, त्याचे उच्चार बिघडतील’ कोण म्हणालं होतं?”

मीच. कुठल्याही न्यायालयात मला पुरावा द्यायचा नव्हता. दारात एफबीआय नव्हती.

मराठी शाळेला रविवारी आपण पोरांना सोडतो आणि बाहेर गाडीत बसून त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची वाट बघतो. मोदक उकडीचे की तळणीचे यावर मात्र कमिटी दोनदा फुटली. मी दोन्ही वेळा फुटलेल्यांत होतो.

१९८८ साली रेगनसाहेबांनी कायद्यावर सही केली. सरकारने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. जाळलेली पत्रं काही परत आली नाहीत.

नात माझ्याशेजारी बसून ती निळी पत्रं उलटसुलट करत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आबा, ही नाही जाळावी लागणार. आपल्याकडे कुणाला वाचताच येत नाहीत.”

मला येतात, मी म्हणालो. “तुझ्यानंतर,” ती म्हणाली.

पत्रं सध्या जेवणाच्या टेबलावर आहेत. चिरंजीव स्कॅनरची चौकशी करतोय. मी रोज रात्री एक वाचून दाखवायचं ठरवलंय. तिसऱ्या पत्रापर्यंत आलो, मग तिची सॉकरची प्रॅक्टिस सुरू झाली.