पन्हाळ्याच्या कातळाहून जुनी माशी

नमस्कार श्रोतेहो. सकाळी आठ-साडेआठला, फुलोऱ्यात आलेल्या वांग्याच्या वाफ्यात तुम्ही कधी कान देऊन उभे राहिलाय का? वारा पडलेला असला की मधूनच एक बारीक, चढ्या पट्टीतला आवाज येतो, झ्झूं करून, आणि लगेच तुटतो. मग पुढच्या फुलावर पुन्हा. माशी उडताना गुणगुणते, त्याहून हा आवाज निराळा. परवा शिरोळकडच्या एका मळ्यात मी अर्धा तास नुसता तो ऐकत बसलो होतो.

वांग्याचं फूल जवळून बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. पण पराग वरती उघडा नसतो, तो पुंकेसरांच्या आत कोंडलेला. टोकाला बारीक भोकं, मिठाच्या डबीला असतात तशी. हलवल्याशिवाय काही पडायचं नाही. पेटीतल्या मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. ते जमतं काळ्या भुंग्याला, आणि पोटावर चमकदार निळे पट्टे असलेल्या एका रानमाशीला. ती पुंकेसरांना घट्ट बिलगते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवते, आणि पराग तिच्या अंगावर भुरभुर पडतो. तोच तो झ्झूं. कृष्णाकाठच्या वांग्याची थोरवी सांगताना आपण माती सांगतो, पाणी सांगतो. या माशीचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्या ओळखीच्या माश्या म्हणजे आग्या, सातेरी, फुलोरी. भुदरगडातलं पाटगाव तर आता मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पण जगात माश्यांच्या या कुळात 20,000 हून जास्त जाती आहेत, भारतात 700 हून जास्त, आणि त्यात खऱ्या मधमाश्या डझनभरसुद्धा भरत नाहीत. बाकीच्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. एक मादी, तिचं एक घर, आणि सगळी कामं तिची तिनंच करायची.

हे कूळ आलं कुठून? कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल, दाराच्या चौकटीवर मातीचं घर लिंपणारी. लहानपणी आम्ही ते घर फोडायचो, तर आत बारके बारके कोळी निघायचे. मेलेले नव्हेत, डंख मारून लुळे केलेले. पिल्लाला ताजं मांस मिळावं म्हणून आईनं केलेली ती बेगमी. अशाच शिकारी माश्यांच्या एका शाखेनं सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वी, फुलझाडं जगभर पसरत होती त्या काळात, शिकार सोडली आणि पिल्लांसाठी पराग आणायला सुरुवात केली. परागातही प्रथिनं असतातच. पुढे अंगावरचे केस फांद्या फुटल्यासारखे झाले आणि पराग त्यांत अडकू लागला. आपल्या पन्हाळ्याचा काळा कातळ ज्या लाव्ह्यापासून झाला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे पन्हाळ्याचा डोंगर झालाच नव्हता, तेव्हाही माश्या फुलांवर बसत होत्या.

लाकूड कोरणारा भ्रमर कोवळ्या कमळात अडकून राहतो, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकत आलोय. वाशाला गोल भोक पाडून आत घर करणारा तो भुंगा खरं तर मादी असते. गुलाबाच्या पानाला कंपासनं कापल्यासारखे गोल काप दिसले की लोक अळी समजून फवारणी करतात. ती पानं कापणारी माशी असते. त्या तुकड्यांच्या पुंगळ्या करून ती पिल्लांच्या खोल्या बांधते, आणि तुरीच्या फुलावर तिच्यासारखी कामाची माशी दुसरी नाही.

पण निम्म्याहून कितीतरी जास्त जाती जमिनीतच राहतात. आमच्या बांधाच्या उभ्या कडेला पेन्सिल जाईल एवढी भोकं आहेत. निळ्या पट्ट्यांची माशी आत बोळ खणते, बोळाच्या टोकाला खोली करते, ओल लागू नये म्हणून तिला आतून मेणचट अस्तर देते. मग पराग आणि मकरंद कालवून ठेवते, त्यावर एक अंडं घालते, आणि खोली लिंपून टाकते. पिल्लू बाहेर येईपर्यंत आई बहुधा हयात नसते. काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली एक कोकिळमाशीही तिथं घिरट्या घालते. स्वतः काही न बांधता हिच्या खोलीत गुपचूप आपलं अंडं टाकून जाते.

बांधाची एक बाजू दोन वर्षांमागं मीच यंत्र लावून सरळ करून घेतली. चार सऱ्या वाढल्या. त्या बाजूला नंतर एकही भोक दिसलं नाही. उसाच्या फडात या माशीला खायला जवळजवळ काही नसतं, आणि लहान माशी घरापासून फार तर काही शे मीटर जाते. कवला, तेरडा, तुळस, आघाडा फुलतात ते बांधावरच. पाचट पेटवलं की आग तिथंही चढते. म्हणून उरलेला बांध मी आता तसाच ठेवलाय, गवतासकट.

त्या गवतात दिवस मावळताना बॅटरी घेऊन जा. माद्या बिळात शिरलेल्या असतात. नरांना घर नसतं. ते एकेक करून वाळक्या काडीवर येतात, काडी जबड्यात चावून धरतात, पाय आखडून घेतात आणि तसेच लटकून झोपतात. काल एका काडीवर सहाजण होते, ओळीनं. उजेड पडला तरी एकही हलला नाही.