पाऱ्यात गेलेलं कॅडमियम परत येतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो, आज बोलायचंय पाऱ्याच्या एका थेंबाबद्दल. थेंब जेमतेम मिलिमीटरभर, काचेच्या केशनळीच्या टोकाला लटकलेला, खाली कॅडमियमचं क्षार विरघळवलेलं पाणी, त्यात भरपूर पोटॅशियम क्लोराईड. एवढ्याशा थेंबावर आपण व्होल्टेज हळूहळू बदलत नेतो, एका टोकाला नेऊन तसंच परत आणतो, आणि जाता-येता करंट किती वाहतो ते बघत राहतो. यालाच सायक्लिक व्होल्टामेट्री म्हणतात. एमएस्सीला केमिस्ट्री केलेल्यांनी हा ग्राफ काढलेला असेल, पण माझं म्हणणं असं की आपण त्यातला जायचा भाग वाचतो आणि यायचा भाग बघून सोडून देतो, आणि खरी मजा तर येण्यातच आहे.

आधी पाराच का ते सांगतो. प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात करंट नेणारा धातूचा तुकडा, घेतला आणि व्होल्टेज ऋण बाजूला नेलं की लगेच हायड्रोजनचे बुडबुडे यायला लागतात, मग झिंकसारख्या धातूची पाळी यायच्या आधीच करंट सगळा हायड्रोजननेच खाल्लेला असतो. पाऱ्यावर मात्र हायड्रोजन फार नाखुशीने सुटतो, साधारण एक व्होल्ट जास्त ढकलावं लागतं, त्यामुळे कॅडमियम, शिसं, झिंक सगळे मोकळेपणाने दिसतात. दुसरं म्हणजे थेंब द्रव, त्याचा पृष्ठभाग एकदम गुळगुळीत, आणि खराब झाला की खाली सोडायचा, नवा घ्यायचा, घासणं-पुसणं काही नाही. उलट धन बाजूला मात्र फार जाता येत नाही, पारा स्वतःच विरघळायला लागतो.

हे पहिल्यांदा हेरलं यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी, प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात, 10 फेब्रुवारी 1922 ला. त्यांचा पारा थेंबथेंब टपकत असायचा, करंट ते गॅल्व्हानोमीटरवर हाताने वाचायचे. पुढे 1924 मध्ये जपानच्या मासुझो शिकाता यांच्याबरोबर त्यांनी आपोआप ग्राफ काढणारं यंत्र बनवलं, पोलारोग्राफ, आणि 1959 ला हेरोव्स्कींना नोबेल मिळालं. पण टपकणारा थेंब जातो तो जातोच, त्यात गेलेला धातू परत बघायला मिळत नाही, त्यासाठी थेंब लटकत ठेवावा लागतो. ते काम 1950 च्या दशकाच्या शेवटी वॉर्सामध्ये केमुला आणि कुब्लिक यांनी नीट करून दाखवलं, आणि ग्राफचं गणित 1964 मध्ये निकोल्सन आणि शेन यांनी बसवलं.

आता प्रत्यक्ष बघू. द्रावणात आधी दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडायचा, कारण हवेतला ऑक्सिजन पाऱ्यावर स्वतःच दोन टप्प्यांत रिड्यूस होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतो, आणि सगळा ग्राफ बिघडवतो, इथे घाई केली की संपलं. मग कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (ज्याचं व्होल्टेज स्थिर असतं, म्हणून मोजायला आधार) तुलनेत उणे 0.3 व्होल्टपासून सुरुवात, सेकंदाला 100 मिलिव्होल्ट या वेगाने उणे 0.9 पर्यंत. सुरुवातीला काहीच नाही, करंट जवळजवळ सपाट, आणि उणे 0.6 च्या आसपास एकदम चढतो, शिखर गाठतो आणि परत उतरतो. उतरतो का, तर थेंबाला चिकटून असलेले आयन संपतात आणि लांबचे यायला वेळ लागतो. म्हणूनच वेग चौपट केला तर शिखराची उंची चौपट होत नाही, दुप्पट होते.

सहा सेकंदांत तिकडचं टोक आलं, आता उलटे फिरलो. दोन-दोन इलेक्ट्रॉन घेतलेलं कॅडमियम या वेळी थेंबाच्या पृष्ठभागावर साचून बसलेलं नाही, ते पाऱ्यात आत विरघळलंय, अमाल्गम झालंय. व्होल्टेज परत उणे 0.6 जवळ आलं की तेच कॅडमियम इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं आणि उलट्या दिशेचा पीक, म्हणजे शिखर, दिसतो. दोन पीकमधलं अंतर साधारण 30 मिलिव्होल्ट, एका इलेक्ट्रॉनचा मामला असता तर 60 च्या जवळपास. हे अंतर इतकंच आलं की समजायचं, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झटपट होतेय. एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगतो, परतीच्या पीकची उंची शून्य रेषेपासून मोजू नका हो, जायच्या वक्राची शेपटी पुढे वाढवून तिथून मोजा, नाहीतर चांगलं रिव्हर्सिबल, म्हणजे गेलं तसं परत येणारं, कॅडमियमही अर्धवट परत आल्यासारखं वाटतं.

निकेल घेऊन बघा, गोष्टच वेगळी. साध्या द्रावणात ते उणे 1.1 च्या आसपास कष्टाने रिड्यूस होतं, पाऱ्यात विरघळतही नाही म्हणण्याइतकं कमी, आणि परत येताना त्या जागी पीकच नाही! जायचा पीक बघून निकेल आणि कॅडमियम सारखेच वाटले असते, फरक कळला तो परतीला.

पारा विषारी आहे, त्याची वाफ तर फारच, म्हणून थेंब पडला तर ट्रेमध्येच पडला पाहिजे, सिंकमध्ये कधीच नाही. 2013 च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचा वापर जगभर कमी होतोय आणि ते योग्यच आहे. 2000 पासून बिस्मथचा पातळ थर दिलेले इलेक्ट्रोड आलेत, शिसं-कॅडमियम मोजायला छान चालतात.

पाण्यातलं अब्जात काही भाग इतकं कमी शिसं शोधायची पद्धत याच परतीवर उभी आहे, धातू काही मिनिटं थेंबात गोळा करायचा आणि मग बाहेर काढताना मोजायचा. फक्त नमुन्यात तांबं आणि झिंक दोन्ही असतील तर सांभाळा, ते पाऱ्याच्या आत एकमेकांशी संयुग करतात आणि झिंकचा पीक खरोखर असतो त्यापेक्षा बुटका येतो. अशा वेळी थोडं गॅलियम घालतात, तांबं त्याला धरून बसतं आणि झिंक मोकळं होऊन बाहेर येतं.